चित्र बघून झालं, आता गोष्ट विचारा

आमच्या गावच्या वाचनालयात दोन कपाटं आहेत. एकात मोठ्यांची पुस्तकं, दुसऱ्यात पोरांची. पोरांच्या कपाटातलं सगळ्यात जास्त फाटलेलं पुस्तक म्हणजे नागराजचं कॉमिक. शिवण सुटलीय, कव्हरला तीन ठिकाणी चिकटपट्टी आहे, कोपरे हातांनी काळे पडलेत. हिंदीतलं आहे, तरी पोरं एकमेकांच्या हातातून ओढून नेतात. गेल्या पावसाळ्यात पाचवीतला एक मुलगा ते घेऊन ओट्यावर बसला आणि दहा मिनिटांत परत घेऊन आला.

"काय झालं रे त्यात?"

"नागराजनं मारलं."

"कुणाला?"

"त्यांला."

"कामून मारलं?"

पोरगं नुसतं माझ्याकडं बघत राहिलं. मग त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं, बरोबर एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणालं, "सर, हे बघा ना. सापाची खवलं एकेक काढल्यात."

त्या पानावर नागराजचा हात चौकटीबाहेर येईल इतका पुढं आलेला आहे आणि मनगटातून साप सुटलेत. दंडाचे स्नायू, त्यावरची सावली, सापाच्या वळशात अडकलेला उजेड. पोरानं बरोबर जागा हेरली होती. ते पान मीही किती तरी वेळ बघत बसलो. पुस्तकाची गोष्ट मात्र उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी, घोटाभरसुद्धा पाणी नसलेली.

या पुस्तकांबद्दल मला आईबापांशी, आजीआजोबांशी आणि शाळेतल्या गुरुजनांशी बोलायचंय. विनंती साधी आहे. असलं पुस्तक पोराच्या हातातून हिसकावू नका. आणि दिलं तर देऊन मोकळेही होऊ नका, घडीभर त्याच्याजवळ बसा.

हिसकावण्याबद्दल आधी बोलतो, कारण ते फार ठिकाणी होतं. मी शिकत होतो तेव्हा वर्गात दप्तरात सापडलेलं चित्रांचं पुस्तक फाडून दारात टाकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याचं होतं तो मुलगा चित्रं सुंदर काढायचा. नंतर त्याच्या हातात पेन्सिल मला फारशी दिसली नाही. ही पुस्तकं काढणारी माणसं कोण होती हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. राज कॉमिक्सनं नागराज १९८६ साली आणला. पहिला अंक परशुराम शर्मांनी लिहिला आणि चित्रं काढली संजय अष्टपुत्रे यांनी. त्यानंतर १९९५पर्यंत नागराजला ज्यांनी रूप दिलं ते प्रताप मुळीक. दोघंही मराठी चित्रकार. अमर चित्रकथेतल्या शिवाजी महाराजांच्या अंकाची चित्रंही मुळीकांचीच. म्हणजे ज्या हातानं आपल्याला पुस्तकातले शिवराय दाखवले, त्याच हातानं नागराजचे साप काढले. दिल्लीच्या प्रकाशकाचा, हिंदी बोलणारा हा नायक उभा राहिला तो मराठी माणसाच्या रेषेवर. पोराला हे सांगून बघा, ते पुस्तक किती वेगळ्या तऱ्हेनं हातात धरतं ते.

नागराजच्या आधीची पिढी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत होती. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली, मराठीतही निघाली, १९९०ला बंद पडली. ती वाचून कुणी बिघडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट आज साठी-सत्तरीत असलेले कितीतरी जण सांगतात की वाचनाची गोडी तिथं लागली.

आता गोष्टीकडं येऊ. नागराजची पहिली गोष्ट नीट बघितली तर तिच्यात बी मोठं आहे. नागमणी नावाचा एक प्राध्यापक त्याला घडवतो. त्याच्या रक्तात विष आहे, अंगात असंख्य साप आहेत. पण त्याचं डोकं त्याचं स्वतःचं नाही. दुष्टांच्या कामासाठी भाड्यानं द्यायचं हत्यार म्हणून तो तयार केलाय. मग त्याला गोरखनाथ भेटतात, त्याच्या डोक्यावरचा दुसऱ्याचा ताबा काढून टाकतात, आणि मोकळा झालेला नागराज जगभरच्या दहशतवाद्यांना संपवायची शपथ घेतो. आपण दुसऱ्याच्या हुकमानं काय काय केलं, हे कळल्यावर त्या माणसाला काय वाटलं असेल? रात्री झोप आली असेल का? ज्यानं घडवलं त्याच्याबद्दल राग की माया? पुस्तक इथं थांबतच नाही. दोनचार पानांत हे सगळं उरकतं आणि मारामारी सुरू होते. मग पुढच्या अंकात नवा देश, नवा खलनायक, पुन्हा मारामारी. चित्रकारानं जीव ओतलाय आणि गोष्ट घाईघाईनं गुंडाळलीय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण पुस्तक जिथं थांबलं नाही तिथं आपल्याला थांबता येतं. त्या दिवशी मी त्या पोराला म्हणालो, "डोकं दुसऱ्याचं, अंग आपलं, असं कुणाचं असतं का रे?" पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. त्याचे आईवडील दर वर्षी कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. मग ते म्हणालं, "म्हंजी नागराजला उचल दिलती का, सर?"

मला उत्तर सुचलं नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली की हंगाम संपेपर्यंत अंग आपलं राहत नाही, हे आपल्या बीड जिल्ह्यात पाचवीतल्या पोरालाही ठाऊक आहे. जे लेखकाला लिहिता आलं नाही ते या पोरानं एका वाक्यात भरून काढलं. त्यानंतर आम्ही अर्धा तास बोलत होतो. उचल फिटल्यावर नागराज पहिल्यांदा कुठं गेला असेल? त्याचं म्हणणं, आईकडं. पण या पुस्तकात त्याला आई दाखवलेलीच नाही, मग तो ती शोधत हिंडला असेल. बघा, गोष्ट तयार झाली.

म्हणून सांगतो, पोरानं पुस्तक मिटलं की "काय शिकलास" असं विचारू नका. त्या प्रश्नाला पोरं पाठ केलेलं उत्तर देतात. "कामून?" एवढंच विचारा. त्यानं हे कामून केलं? तू असतास तर काय केलं असतंस? ज्याला मारलं त्याच्या घरी कोण होतं? हे दोन-तीन प्रश्न स्वयंपाक करता करता, गोठ्यात शेण काढता काढता विचारता येतात. त्याला शिक्षण लागत नाही. पुस्तक वाचता येत नसेल तरी चालतं, पोराला चित्रं दाखवत गोष्ट सांगायला लावा. तुम्हाला कळेना झालं की पोरालाही कळतं की इथं गोष्टीत काहीतरी कमी आहे.

आणि गोष्टींची आपल्याकडं वाण आहे का? नागराजला सोडवणारे गोरखनाथ त्या लेखकाला कुठून मिळाले असतील ते असोत, आपल्याला ते घरचे आहेत. त्यांचे गुरू मच्छिंद्रनाथ आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंब्याला आहेत. गहिनीनाथगड आपला. कानिफनाथांची मढी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, चालत जाणारे चालत जातात. मालू कवीचा 'नवनाथ भक्तिसार' शके १७४१ म्हणजे १८१९चा, चाळीस अध्यायांचा. श्रावणात घराघरांत लागतो, तेव्हा पोरं प्रसादाला येतात आणि पळतात. त्यांना बसवून घ्या. उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी बाहेर आलेला गोरख. स्त्रीराज्यात संसारात रमलेल्या गुरूला परत आणायला मृदंग वाजवत गेलेला गोरख. गुरू चुकला तर शिष्यानं काय करावं, हा प्रश्न कुठल्या सुपरहिरोला पडलाय? आणि परत येताना गुरूच्या झोळीत सोन्याची वीट, चोराची भीती गुरूला, भीती शिष्याच्या ध्यानात येते आणि तो वीट फेकून देतो. या एकेका प्रसंगावर बत्तीस पानांचं पुस्तक होईल आणि वाचणारा दहा मिनिटांत परत करणार नाही. गावातल्या ज्या आजीला हे सगळं येतं, तिच्याजवळ नागराजचं पुस्तक घेऊन पोराला बसवा. आमच्याकडं हे केलंय. आजीला आधी ते हिरव्या अंगाचं चित्र आवडलं नाही. पण आत गोरखनाथ आहेत म्हटल्यावर तिनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, जटा बघितल्या आणि मग सांगायला सुरुवात केली ती दिवेलागणीपर्यंत.

चित्र आणि गोष्ट एकत्र बांधायची रीत आपल्याला कुठून उसनी आणावी लागत नाही. अंबाजोगाईचे दासोपंत, १५५१ ते १६१५. त्यांनी पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांतून देह आणि सृष्टी कशी घडते हा अवघड विषय, सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिला, आणि लिहिता लिहिता आकृत्या आणि चित्रं काढली. ती पासोडी आजही अंबाजोगाईत जपलेली आहे. शाळांच्या सहली दूरदूर जातात. मी गुरुजनांना हात जोडून सांगतो, एकदा अंबाजोगाईला जा आणि पोरांना सांगा की चारशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात राहिलेल्या माणसानं एवढ्या लांब कापडावर चित्र आणि शब्द शेजारी शेजारी मांडले. तिथं चित्र शोभेला नाही, विचार पुढं न्यायला आहे.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी तशीच. ठाकर समाजाचे कलाकार एकेक सुटं चित्र हातात धरतात आणि त्यातली कथा गाऊन सांगतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. जुन्या अशा चित्रांना पैठणची चित्रं म्हणूनही ओळखतात, आणि पैठण तर गेवराईकरांना शेजारचंच. त्यातलं एक चित्र एकटं भिंतीवर लावलं तर ते देखणं दिसेल, पण मुकं राहील. गाणारा बसला की ते बोलतं. नागराजच्या पुस्तकाजवळ तुम्ही बसायचं म्हणतो ते याच अर्थानं.

आता जी पोरं स्वतः चित्रं काढतात त्यांच्याशी दोन शब्द. आपल्या जिल्ह्यात अशी पोरं खूप आहेत. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, 'अ' श्रेणी आणतात, आणि मोबाईलमध्ये बघून परदेशी सुपरहिरो हुबेहूब उतरवतात. पोरांनो, हात तुमचा तयार आहे. आता कॉमिक काढायचं असेल तर पहिली चौकट आखायच्या आधी वहीत चार ओळी लिहा. माझ्या नायकाला काय हवंय. ते त्याला का मिळत नाही. तो कशाला भितो. शेवटी त्याला काय सोडावं लागतं. चौथी ओळ लिहिता आली नाही तर चित्र काढू नका, गोष्ट अजून शिजली नाही असं समजा. आणि नायकाला न्यूयॉर्कच्या इमारतींवरून कशाला उडवता? त्याला बालाघाटाच्या घाटात उभा करा, बिंदुसरेच्या कोरड्या पात्रात उभा करा, टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायांच्या रांगेत उभा करा. तिथं त्याची शक्ती काय कामाची, हे शोधताना गोष्ट आपोआप जड होईल. आमच्या वाचनालयात सहावीतल्या एका मुलीनं असं एक पुस्तक केलंय, शाळेच्या वहीची मधली पानं फाडून, सुतळीनं शिवून. तिच्या नायिकेला जमिनीखालचं पाणी दिसतं. पण ते दाखवलं की बोअर कुणाच्या शेतात पडणार यावरून गावात भांडणं होतात, म्हणून ती मुकी झाल्याचं सोंग घेते. चित्रं साधीच आहेत, माणसांचे हात जरा लांब झालेत. ते पुस्तक मी चार मोठ्या माणसांना वाचायला दिलं. चौघांनीही विचारलं, पुढं काय झालं?

ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, गावच्या वाचनालयांना सांगणं एवढंच, की पोरांच्या कपाटात चित्रांची पुस्तकं ठेवा, चांगल्या चित्रांची ठेवा, गोष्ट पातळ आहे म्हणून बाजूला काढू नका. नागराजची जुनी पुस्तकं आजही पुन्हा छापून निघतात. पण त्याच कपाटात कोऱ्या वह्याही ठेवा. ज्यानं पुस्तक परत आणलं त्यानं वहीत पुढची दोन पानं जोडायची, एवढा एकच नियम. आम्ही चिकटपट्टीनं त्या वह्या पुस्तकाच्या मागं लावतो. आमच्या नागराजला आता सात शेवट आहेत.

दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला जायच्या गाड्या भरायला लागतील. पहिलं मागणं हेच, की पोराला गावातच ठेवा, हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडं, त्याची शाळा बुडवू नका. पण ज्यांना बरोबर न्यावंच लागतं, त्यांनी गाडीत भांडी, पत्रे, गोधड्या चढवताना पिशवीत एक कोरी वही आणि दोन पेन्सिली टाकाव्यात. संध्याकाळी कोपीवर चूल पेटली की पोराला विचारायचं, आज नागराज कुठवर आला. ते पाचवीतलं पोरगं आता सहावीत गेलंय, यंदाही आईबापाबरोबर जाणार म्हणतंय. त्याची वही मी काढून ठेवलीय. नागराज अजून आईला शोधतोय.