शिबिर मे महिन्यात हवे

दहा एप्रिल उलटला की आपल्याकडच्या शाळांच्या फाटकांना कुलपे लागतात आणि लगेच विजेच्या खांबांवर फलक चढतात. कुठे ‘बेसिगे शिबिर’, कुठे ‘समर कॅम्प’, कुठे ‘संस्कार वर्ग’. चित्रकला, नृत्य, कराटे, योगासने. पंधरा दिवस, सकाळी सात ते दहा. फी भरली की मूल तीन तास घराबाहेर आणि आई तेवढी मोकळी. यात वाईट काहीच नाही. पण भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद अशा गावांत ही शिबिरे एप्रिलमध्येच का उरकतात, हे मला आजवर कळलेले नाही.

वाचकांनी जरा कॅलेंडर समोर धरावे. कर्नाटकातल्या शाळांना अलीकडे साधारण ११ एप्रिल ते २८ मे अशी सुट्टी असते. महाराष्ट्रातल्या शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात आणि जूनच्या मध्याला भरतात. म्हणजे आपल्या मुलांची आणि उदगीर, लातूर, सोलापूरकडच्या त्यांच्या मामेभावंडांची सुट्टी जुळते ती जेमतेम चार आठवडे, तीही मेमध्ये. एप्रिलमध्ये आपली मुले रिकामी तर पाहुणे परीक्षेला बसलेले. पाहुणे येतात तेव्हा शिबिर संपलेले असते, बक्षिसे वाटून झालेली असतात. मग सहा-सात मुले एका खोलीत, कूलरसमोर, आणि हातात आळीपाळीने एकच मोबाइल.

इकडच्या घरांना हे जास्त लागते, कारण आपले गणगोत सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते मराठवाड्याबरोबर गेले. मुली द्यायच्या-घ्यायच्या गावांची यादी मात्र तीच राहिली. बिदर, भालकी, कमालनगर, उदगीर ही स्टेशने आजही एकाच रुळावर आहेत.

आणखी एक गोष्ट कॉलेजात दरवर्षी दिसते. प्रवेश अर्जावर ‘मातृभाषा : मराठी’ असे लिहिणारी कितीतरी मुले मराठीत झकास बोलतात, पण मराठी पुस्तक त्यांनी कधी उघडलेलेच नसते. घरी आजीशी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी. सीमेलगतच्या गावांत मराठी शाळा आहेत, पण पालकांचा ओढा इंग्रजीकडे. दोष तरी कुणाला द्यायचा? गंमत अशी की यातल्या बहुतेकांना देवनागरी येते, हिंदीच्या तासाला शिकलेली असते. नवे अक्षर म्हणून ‘ळ’ तेवढा समोर येतो, कारण हिंदीच्या धड्यांत तो भेटत नाही. आणि ‘ळ’चा उच्चार आपल्या मुलांना कुणी शिकवावा लागत नाही, तो कन्नडमध्ये रोज तोंडी असतो! मराठी वाचनापर्यंतचे अंतर इतके थोडे आहे. कुणीतरी सोबत बसून एक गोष्टीचे पुस्तक संपवायला हवे, एवढेच. उदगीरहून आलेली मावसबहीण ते काम शिक्षकापेक्षा चांगले करील. बदल्यात तिला दुकानांच्या कन्नड पाट्या वाचायला शिकवाव्यात. दोघींनाही चिडवायला भरपूर वाव आहे.

म्हणून शिबिर मेमध्ये घ्यावे आणि नावनोंदणी घराच्या नावावर करावी, पाहुण्या मुलांसकट. ऊन हा आक्षेप येणारच. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मैदानावरचे सगळे सकाळी साडेआठच्या आत संपले पाहिजे. लगोरीला दोन्ही भाषांत लगोरीच म्हणतात. विटी-दांडू इथे चिन्नी-दांडू होतो. दुपारी सावलीत बसून खेळायला चौकाबारा आहेच. पाच बाय पाच घरांचा तो पट तेलंगणाकडचे पाहुणे अष्टा-चम्मा म्हणून ओळखतात. कवड्या कशा टाकायच्या हे आजीला विचारावे, तिला नियम तोंडपाठ असतात आणि लबाड्याही. कलबुर्गी विभागातली सरकारी कार्यालये गेली काही वर्षे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ ते दीड एवढीच चालतात. तेव्हा नोकरदार वडिलांनाही दुपारी पटावर बसायला सबब उरत नाही.

आता कलेकडे वळू. आपल्या शिबिरांत मुलांना कागदी फुले आणि ग्लास-पेंटिंग शिकवतात, तेही बाहेरून माणूस आणून. बिदरी कामाचे कारागीर मात्र तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद क़ादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री. आपल्या किती मुलांनी हे काम होताना पाहिले आहे?

पाहण्यासारखे ते खरेच आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, कानशीने घासून साफ करतात. नक्षी नीट दिसावी म्हणून मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करून घेतात, मग छिन्नीने वेलबुट्टी कोरतात आणि त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवतात. इथपर्यंत भांडे करडे, चांदीही तशीच, नक्षी धड ओळखू येत नाही. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळून भांडे त्यात फिरवतात. जस्त काळेभोर होते, चांदीला काही होत नाही, आणि सगळी नक्षी एकदम उजळून वर येते. माती कामाची आहे की नाही हे जुने कारागीर जिभेवर चाखून ठरवतात. दहा वर्षांच्या मुलाला एवढे सांगितले तर तो रात्री जेवताना सगळ्या घराला सांगेल.

ओतकाम आणि रसायने मुलांच्या हाती देऊ नयेत, हे उघड आहे. पण कागदावर वेल काढणे, तयार भांड्याला तेल लावून चकाकी आणणे त्यांना जमते. कारागिराला त्याच्या दिवसाची मजुरी मात्र रोख द्यावी. ‘सेवा’ म्हणून फुकट बोलावण्याची सवय आपल्या मंडळांना आहे, ती सोडावी. त्या घरांतली पुढची पिढी छिन्नी धरेल की नाही, हे बरेचसे अशाच हिशेबांवर ठरते.

सांगता समारंभाला एक नाटुकले बसवता येईल. मुलांच्या नाटकांसाठी म्हैसूरच्या रंगायणचा ‘चिण्णर मेळ’ नावाजलेला आहे, आणि रंगायण आता कलबुर्गीतही आहे; तिथला एखादा कलावंत चार दिवस मिळाला तर उत्तमच. विषय घरचाच घ्यावा. आजी मराठीत भाव करते, भाजीवाला कन्नडमध्ये उत्तर देतो, आणि दोघांनाही सगळे कळत असते. संवाद लिहायचीसुद्धा गरज नाही.

मंडळांच्या बैठका फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि तारखा तिथेच पक्क्या होतात. त्याआधी उदगीरला एक फोन लावावा आणि पाहुण्यांच्या शाळा कधी सुटणार ते विचारून घ्यावे.