कोयत्याचा एकशेष

संस्कृत व्याकरणात ‘एकशेष’ म्हणून एक प्रकार आहे. माता आणि पिता ह्या दोहोंस मिळून ‘पितरौ’ म्हणतात. शब्द मात्र पित्याचाच शिल्लक राहतो. शाळेत असता आम्ही हा नियम वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतला. परंतु त्याचे एक उदाहरण आमच्याच नगर जिल्ह्यात (२०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात) उसाच्या फडात नांदत आहे, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने १९५० साली सहकारी साखर कारखाना चालू झाला आणि पुढे महाराष्ट्रभर त्याचा कित्ता गिरविला गेला. उसाच्या तोडणीसाठी दरसाल बीड जिल्ह्यातून व आमच्या पाथर्डी-शेवगावकडून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यास, हिशेब कोयत्याचा, आणि मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. पहाटेपासून फडात राबणारी, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढविणारी बाई त्या वहीत नसते. व्याकरण निदान द्विवचनाचा प्रत्यय तरी राखते. मुकादमाची वही तोही राखीत नाही.

समान कामास समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला; तेच तत्त्व पुढे २०१९ च्या वेतनसंहितेत आले. पण जिचे वेतन निराळे लिहिलेलेच नाही, तिने तुलना कशाशी करावी? काम बुडाले की ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. दुखणे असो की पाळी, वहीस त्याचे सोयरसुतक नाही. २०१९ साली बीडकडील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात निघाला व डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. वहीत नाव नसण्याची किंमत ह्या स्त्रियांनी आपल्या देहाने मोजली.

फडाची गोष्ट आपल्या घरापासून दूरची, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. गेल्या दिवाळीत आमचे पुतणे फराळास आले. औद्योगिक वसाहतीत त्यांचा लहानसा कारखाना आहे; चौदा माणसे पटावर. मोठ्या समाधानाने ते म्हणाले, “काका, कायद्याचे सारे कागद पुरे केले. स्त्रियांच्या तक्रारींची समितीसुद्धा नेमली. अध्यक्षा म्हणून हिचेच नाव घातले.”

“कारखान्यात बायका किती?” आम्ही विचारिले.

“पटावर एकही नाही. पॅकिंगला तिघी येतात, पण त्या कंत्राटदाराच्या.”

पुन्हा एकशेषच! २०१३ चा कायदा रोजंदारीवरील व कंत्राटदारामार्फत आलेल्या स्त्रीसही कर्मचारीच मानतो. दहा वा अधिक माणसे असतील तेथे समिती हवी. तीत निदान निम्म्या स्त्रिया हव्यात, बाहेरची एक जाणती व्यक्ती हवी, आणि अध्यक्षस्थानी कामावरचीच वरिष्ठ स्त्री हवी. तशी नसेल तर ती अन्य कार्यालयातून वा संस्थेतून नेमावी. खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. “मालकाचे गाऱ्हाणे मालकिणीपाशी कोण नेईल? पाटी नंतर लावा, आधी त्या तिघींची नावे लिहून घ्या,” असे आम्ही सांगितले. पुतण्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले.

आमचे कुटुंब स्वयंपाकघरातून सारे ऐकत होते. ते म्हणाले, “त्याला शिकविलेत, ठीक झाले. आपल्या भांडी घासणाऱ्या बाईंचे आडनाव सांगा पाहू!”

बावीस वर्षे ती बाई आमच्या घरी येते. आम्हांस आडनाव सांगता आले नाही. चौदा माणसांच्या कारखान्यास बोल लावणारे आम्ही; परंतु त्याच कायद्याने आमचे घरही कामाचे ठिकाणच ठरते, आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीसही स्थानिक समितीकडे दाद मागता येते. शिवाय त्या बाईचा चहाचा पेला आमच्या घरी आजवर निराळ्या कोनाड्यात पालथा असे. त्याचे कारण आम्ही कधी कोणास विचारिले नाही, कारण ते आम्हांस ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक वही घातली: पूर्ण नाव, ठरलेला पगार, आठवड्याची सुटी, आजारपणाची भरपगारी रजा. “गुरुजी, माझं नाव कशाला?” म्हणत बाईंनी ते स्वतःच्या हाताने लिहिले. त्यांची चार इयत्ता शाळा झाली होती, हेही आम्हांस तेव्हाच कळले. पेल्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढला नाही. तो आता इतर पेल्यांतच असतो.

वाचकांनी आपापल्या घरातील वही एकवार उघडून पाहावी, आणि वहीच नसेल तर आजच घालावी, इतकीच आमची विनंती आहे.