पाकाची गोळी आणि बोलीची कसोटी

बोलीचा अभ्यास करायचा म्हटले की आपण कादंबरी उघडतो. स्वयंपाकघराचे दार उघडावे असे सहसा कुणाला सुचत नाही. ही उणीव किरकोळ नाही, असे आमचे मत आहे.

कागल हे आनंद यादव (१९३५–२०१६) यांचे गाव. १९७१ साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'गोतावळा' नारबा या शेतगड्याच्या बोलीत घडते. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरांबरोबर माणूसही अनावश्यक ठरू लागतो. आज कागल आणि हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीत पंचतारांकित एमआयडीसी उभी आहे. तिथल्या भट्टीत वितळलेल्या धातूचे तापमान यंत्र सांगते. गुऱ्हाळावर मात्र काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्याची नजर आणि बोटे ठरवतात. चुलवाण, काहिल, काकवी, ढेप हे शब्द त्या कामाचे सोबती. काम आटले की शब्दही आटतात. त्यांतले थोडे तरी जिथे अजून रोजच्या वापरात आहेत ती जागा म्हणजे घरची चूल.

गूळ लावलेल्या गोड-खारट चुरमुऱ्यांचे उदाहरण घेऊ. चार वाट्या चुरमुरे मंद आचेवर कुरकुरीत भाजावेत. अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, मूठभर डाळे, खोबऱ्याचे काप, अर्धा चमचा मीठ आणि चवीला तिखट त्यांत मिसळावे. चमचाभर तुपात पाऊण वाटी गूळ विरघळवून पाक करावा. इथवर सारे मोजता येते. खरी परीक्षा पुढे आहे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला आणि गोळी मऊ राहिली, तर चुरमुरे चिवट होतील. गोळी ताटलीवर टाकताच टणकन वाजली, तर पाक झाला. मग चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा; पाक फसफसून हलका होतो. लगेच चुरमुरे घालून ढवळावे, तूप लावलेल्या ताटात पसरावे आणि कोमट असतानाच बोटांनी मोकळे करावे. गुळाला हवेतला ओलावा चटकन लागतो, म्हणून पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.

या साध्या कृतीत किती भाषा आहे पाहा! एकतारी, दोनतारी, गोळीबंद: पाकाच्या एकेका अवस्थेला आपल्याकडे नाव आहे, आणि ते बोटांनी, डोळ्यांनी, कानांनी ठरवलेले आहे. 'कॅरॅमल' हा शब्द वापरण्यास आमची हरकत नाही. साखर जाळून केलेल्या पदार्थाला तो शोभतो. परंतु गुळाच्या पाकालाही तेच नाव देऊन पुढे तापमानाचा आकडा लिहिला, की या सगळ्या पायऱ्या एका शब्दाखाली गाडल्या जातात.

यावर कुणी म्हणेल, हा निव्वळ गतकाळाचा सोस आहे. आकडा अचूक असतो आणि नवशिक्याला आधार देतो. हे मान्यच करायला हवे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप देऊन हेच केले, आणि अनेक घरांतल्या नवख्या हातांना धीर दिला. मात्र त्या मापाने मराठी पाककृतीची भाषा पुसली नाही, ती अधिक नेमकी केली. आमचा आक्षेप मापाला नाही. उसन्या वाक्यरचनेत लिहिलेल्या, कुठल्याच स्वयंपाकघराचा वास नसलेल्या पाककृतीला आहे.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना आमची सूचना अशी की, विद्यार्थ्यांना एकदा घरच्या एखाद्या पदार्थाची कृती, सांगणाऱ्या बाईच्या शब्दांत, जशीच्या तशी उतरवून आणायला सांगावी. 'गोतावळा'च्या शेजारी ती वर्गात वाचावी. गोळी वाजते की नाही, हे तिथेच कळेल.