जामीनदार शेजारी बसतो

मोटारींच्या रॅलीत हौसेने उतरणाऱ्या मंडळींत एक पंथ आहे. पेस नोट्स वापरणे म्हणजे परीक्षेत कॉपी करणे, असे या पंथाचे ठाम मत. 'खरा ड्रायव्हर रस्ता वाचतो, वही वाचत नाही!' हे त्यांचे ब्रीदवाक्य. ते उच्चारताना मिशीला पीळ द्यायचा असतो. मिशी नसल्यास स्टीअरिंगला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. (नोट म्हटली की आम्हां बँकवाल्यांच्या डोळ्यांपुढे दुसरीच येते, ती ही नव्हे.) ज्या रस्त्यावर शर्यत व्हायची, त्यावरून आधी एक-दोनदा सावकाश गाडी न्यायची. ड्रायव्हरने प्रत्येक वळण मोठ्याने सांगायचे, शेजारच्याने वहीत उतरवायचे. 'उजवे पाच, पन्नास, चढ, लगेच डावे तीन, आतून कापू नको.' आकडा वळणाचा. बहुतेकांच्या वहीत एक म्हणजे गाडी जवळजवळ थांबवूनच घ्यायचे, आणि सहा म्हणजे पाय न उचलता. पन्नास हे मीटर. मग शर्यतीच्या दिवशी शेजारच्याने हे सगळे वळण येण्याआधी वाचत जायचे. झाले! यात कॉपी कुठे आली? अभ्यास करून परीक्षेला बसणे याला आमच्या वेळी कॉपी म्हणत नसत.

आता जरा हिशेब मांडू. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चढाच्या माथ्यापलीकडे ५० मीटरवर वळण असले, तर ते दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत पुरते दोन सेकंदही मिळत नाहीत. एवढ्या वेळात आमच्या काउंटरवर 'पलीकडच्या खिडकीत जा' हे वाक्यसुद्धा पुरे होत नाही. माथ्यापलीकडे पाहणारे डोळे देवाने कुणालाच दिलेले नाहीत. आपल्याला दिसते असे ज्याला वाटते, तो रस्ता वाचत नसतो. रस्त्याचे भविष्य सांगत असतो.

भित्र्यांनीच नोट्स वापराव्यात म्हणणाऱ्यांनी स्टर्लिंग मॉसला भित्रा म्हणून दाखवावे. १९५५ साली इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीत, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटरच्या उघड्या रस्त्यावर, त्याच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार बसला होता. मांडीवर एक डबी, डबीत पंधरा फुटांहून लांब कागदाची गुंडाळी. गाडीच्या आवाजात बोलणे ऐकू येईना, म्हणून तो हातांच्या खुणांनी वळणे सांगत होता. मध्ये त्याला उलटी झाली, वाऱ्याने चष्मा उडाला. पठ्ठ्याने जवळचा दुसरा चष्मा काढला आणि गुंडाळी पुढे फिरवली. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत पहिला नंबर! त्याच बनावटीच्या गाडीत एकटाच बसलेला फांगिओ दुसरा आला, अर्ध्या तासाहून अधिक मागे. त्याच्या इंजिनानेही त्रास दिला होता, हे मान्य. पण मॉस जिंकला तो काही नुसत्या फांगिओच्या इंजिनामुळे नव्हे.

'पण साहेब, ब्रिटनची आर. ए. सी. रॅली?' असे पंथातले अभ्यासू लोक विचारतात. खरे आहे. तिथल्या जंगलांतून कित्येक वर्षे नोट्सशिवाय गाड्या हाकल्या जात. पण १९९० पासून तिथेही नोट्स आल्या, आणि ती रॅली काही बायकापोरांची सहल झाली नाही.

या पंथाचा एकच मुद्दा वजनदार आहे : नोट्स आल्या की वेग वाढतो. वाढतो, बाबांनो, वाढतो. पण नोट्स नाहीत म्हणून आपला हौशी गडी हळू जातो थोडाच? तोही जोरातच जातो. फरक इतकाच, की वहीवाला माहितीवर जातो आणि हा नवसावर.

आणि खरी गोम पुढेच आहे. बँकेत कर्ज देताना आम्ही जामीनदार मागतो. न वाचता सही करणारे जामीनदार आणि हप्ता चुकल्यावर त्यांचे झालेले चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. रॅलीत ड्रायव्हरच्या शौर्याला जामीन राहतो तो शेजारचा. चॅम्पियनची गाडी कंपनीची असते. हौशी माणसाची स्वतःची, तीही हप्त्यांवर. पण गाडीचे हप्ते निदान फेडता तरी येतात. शेजारच्याच्या घरी जे वाट पाहत असतात, त्यांचे देणे कोणत्या खात्यातून फेडणार?

म्हणून नोट्स हव्यातच, आणि त्या आपल्या हव्यात. परदेशी काही हौशी स्पर्धांत तयार नोट्स मिळतात. नसण्यापेक्षा त्या बऱ्या, पण ते बाजारातले गाईड. दुसऱ्याचा 'चार' त्याच्या टायरचा आणि त्याच्या छातीचा असतो. काही जोड्यांची आकडेमोड तर उलटीच; त्यांच्या वहीत एक म्हणजे सर्वांत सोपे वळण! अशी वही चुकून हाती आली, तर पहिल्याच वळणाला जामीन जप्त.

तेव्हा मिशीवाल्यांनो, शौर्य जरूर दाखवा. समोर रस्ता सरळसोट दिसतो आहे, पाय खाली दाबायला शिवशिवतो आहे, आणि शेजारचा वहीत बघून म्हणतो, 'तीन.' अशा वेळी त्याच्यावर विश्वास ठेवून ब्रेक दाबायला फार मोठी छाती लागते.