पहिल्या वारीसाठी आळंदीच कशाला?

जालना जिल्ह्यातल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पायी वारी करायची ठरवली की त्याच्या डोळ्यांपुढे आळंदी किंवा देहूच येते. मग तो गाडीने पुण्याकडे जातो, आळंदी गाठतो आणि तिथून चालायला लागतो. जालना ते पुणे हे अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात आहे आणि आळंदी ते पंढरपूर ही पालखीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. पायी वारीला निघालेला माणूस पायांपेक्षा चाकांवरच जास्त अंतर कापतो, असा हा हिशेब. गंमत अशी, की जालन्याहून सरळ पंढरपूरला चालत गेले तरी अंतर तीनशेच्या आसपासच भरते. शिवाय त्या वाटेवर एकटे चालायची गरज नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी एक मानाची पालखी आपल्याच शहरातून, अंबड-वडीगोद्रीच्या रस्त्याने गोदावरीकडे जाते. नवख्या वारकऱ्याने पहिली वारी या पालखीबरोबर, स्वतःच्या वेशीपासून करावी, असे माझे म्हणणे आहे. आळंदीची वाट कमी दर्जाची आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. मोठ्या सोहळ्यात शिरायला जी तयारी लागते, ती लहान सोहळ्यात चांगली होते, एवढेच सांगायचे आहे.

ही पालखी संत मुक्ताबाईंची. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून, म्हणजे जुन्या एदलाबादहून, ती निघते. मोताळा, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करत ती जालन्याला येते. पुढे अंबड, वडीगोद्री, शहागड या आपल्याच जिल्ह्यातल्या गावांवरून गोदावरी ओलांडते आणि गेवराई, बीडमार्गे पंढरीकडे वळते. सगळी वाट पाचशे किलोमीटरच्या पुढची, चाल साधारण महिनाभराची आणि परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगितली जाते. पंढरपूरजवळ वाखरीला जमणाऱ्या प्रमुख पालख्यांत एका स्त्री-संताची ही पालखी आहे. शहागडला ती जी गोदावरी ओलांडते, तिच्याच काठी वरच्या अंगाला, पैठणच्या अलीकडे, आपेगाव आहे. ज्ञानेश्वरादी भावंडांचे ते मूळ गाव. तापीकाठी अंतर्धान पावलेली मुक्ताई दरवर्षी माहेरच्या नदीवरून विठ्ठलाकडे जाते आणि तो घाट जालना जिल्ह्यात आहे. तरी आपल्याकडच्या कित्येकांना ही पालखी म्हणजे एक दिवस दर्शनाला जाण्याची, फार तर एखाद्या पंगतीला हातभार लावण्याची गोष्ट वाटते. तिच्याबरोबर चालावे, हे सुचत नाही.

ते का सुचत नाही, याला कारणे आहेत. वारीचे जे चित्र आपल्या मनात आहे, ते जवळजवळ सगळे आळंदीच्या वाटेवरचे आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्तीची घडी घालून दिली, ती आजही तशीच दिसते. इरावती कर्वे यांनी वारीवर लिहिले, दि. बा. मोकाशी यांनी ‘पालखी’ लिहिली, ती याच वाटेवरून चालून. छायाचित्रकार दिवे घाटाच्या वळणावर उभे राहतात, वाहिन्या रिंगणाचे थेट प्रक्षेपण करतात. पुणे-मुंबईचे लोक एखाद्या दिवसापुरते चालायचे तर तिथेच चालतात. मात्र जे सर्वांत जास्त दिसते तेच नवख्याला सर्वांत जास्त शिकवते, असा समज यातून रुजतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

वारी ही नुसती पायपीट नव्हे. काकड्यापासून हरिपाठापर्यंतचा नित्यनेम, दिंडीतल्या रांगेत आपली जागा धरणे, वीणेकऱ्याच्या मागे चालणे, विसाव्याला बसणे, पंगतीत वाढणे, मुक्कामावर तंबू उभारणे आणि कीर्तनाला जागणे असा तो महिनाभराचा संसार आहे. हे सगळे पाहून समजते, पण अंगवळणी पडते ते कुणी हाताला धरून करायला लावले तरच. माउलींच्या सोहळ्यात रथापुढच्या २७ दिंड्यांचा आणि रथामागच्या कितीतरी दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. तिथे लाखोंच्या लोंढ्यात नवखा माणूस बहुधा दोनच प्रकारे चालतो. एक तर तो कुठल्याच दिंडीत नसलेला मोकळा वारकरी होतो आणि कडेकडेने बघत जातो, किंवा मोठ्या दिंडीत शिरतो खरा, पण तिथे त्याचे नाव कळायलाच आठवडा जातो. लहान पालखीत हे घडू शकत नाही. माणसे मोजकी असली की दुसऱ्याच दिवशी टाळ हातात येतात आणि तिसऱ्या दिवशी पाणी वाहण्याची पाळी येते. चाल चुकली की शेजारचा म्हातारा कोपराने सांगतो. संध्याकाळी कोण आले नाही, हेही लगेच कळते. शांत वाटेचा पहिला फायदा शांतता हा नव्हेच. तिथे आपण बघे राहू शकत नाही, हा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: रिंगण नाही पाहिले, माउलींचा अश्व नाही पाहिला, तर ती वारी कसली? आक्षेप भावनेचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. पण वारीचे मूळ रूप आठवावे. वारी म्हणजे आपापल्या गावाहून पंढरीला येरझार. महाराष्ट्राच्या चारी दिशांनी वाटा पंढरपूरला मिळतात त्या यामुळेच. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, सासवडहून सोपानकाका, पैठणहून नाथ आणि मुक्ताईनगरहून मुक्ताबाई अशी प्रत्येकाची वाट स्वतंत्र आहे. या वाटांचा संगम पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला होतो आणि तिथून सारे एकत्र नगरात शिरतात. म्हणजे शांत वाटेने जाणाऱ्याला गर्दीचे दर्शन चुकत नाही. तीनशे किलोमीटर चालून, पायांत आणि मनात थोडे बळ आल्यावर ते घडते, इतकाच फरक. वाखरीच्या माळावर सगळ्या पालख्या एकमेकींना भेटताना पाहणे काय असते, हे एखाद्या पालखीबरोबर स्वतः चालत आलेल्यालाच जास्त कळते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. आळंदी-देहूच्या वाटेवर पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, दवाखाने, पोलीस सारे असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये भूमिपूजन झालेल्या दोन्ही पालखी महामार्गांवर तर पायी चालणाऱ्यांसाठी कडेला स्वतंत्र पदपथाची तरतूद आहे. आपल्या वाटेवर यातले फार थोडे आहे. शिवाय ‘शांत’ या शब्दाने फसू नये. वाट माणसांच्या गर्दीने शांत आहे, वाहनांच्या नव्हे. वडीगोद्रीला धुळे-सोलापूर महामार्ग लागला की ट्रक अंगावरून जातात. हे सारे खरे आहे. म्हणूनच या वाटेवर एकट्याने किंवा मित्रांची टोळी करून चालू नये, दिंडीतच चालावे, असा याचा अर्थ होतो. पालखीला पुढे-मागे राखण असते, वाहन असते, मुक्काम ठरलेले असतात आणि गावोगावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटवून वाट पाहत असतात. बायांनी तर सोबतीच्या दिंडीत स्त्रिया किती, त्यांची निजण्याची आणि अंघोळीची सोय कशी, हे आधीच विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच वाटायला नको.

सोयी नाहीत म्हणून लोक येत नाहीत आणि लोक येत नाहीत म्हणून सोयी होत नाहीत, हे चक्र कुठे तरी तोडावे लागते. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिथे सर्वांत गाजलेली वाट फ्रान्सकडून येणारी. पण पोर्तुगालकडच्या, उत्तर किनाऱ्याच्या आणि डोंगरातल्या वाटांवरही पिवळे बाण रंगवले गेले, स्वस्त धर्मशाळा उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये तिथे पोहोचलेल्या यात्रेकरूंची नोंद जवळपास पाच लाखांची आहे आणि त्यांतले निम्म्याहून अधिक लोक त्या गाजलेल्या वाटेने आलेले नव्हते. तिथला धर्म वेगळा, पण धडा इथेही लागू पडतो: आडवाटेला चार सोयी मिळाल्या की माणसे आपोआप विभागली जातात आणि मुख्य वाटेवरचा भारही हलका होतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये दिंड्यांसाठी प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले होते. त्याच्या जोडीला देऊळगाव राजाच्या रस्त्यापासून शहागडच्या पुलापर्यंत सावलीची झाडे, पाण्याच्या टाक्या, स्त्रियांसाठी बंदिस्त स्वच्छतागृहे आणि कडेला चालण्याजोगी पट्टी एवढे झाले, तरी जालना जिल्ह्याने आपला वाटा उचलला असे म्हणता येईल.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा: ऐन पेरणीत घर सोडून महिनाभर कसे जायचे? आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. म्हणजे पालखी जालन्यात येते तो काळ कधी मृगाच्या तोंडावर, उन्हाच्या तडाख्यात पडतो, तर कधी पेरण्या उरकल्यावर. कपाशी-सोयाबीनवाल्याने पंचांग पाहूनच वर्ष निवडावे. आषाढी उशिरा येणारे वर्ष पहिल्या वारीला बरे. पण याच आक्षेपात घरच्या वाटेचा आणखी एक गुण दडला आहे. आळंदीला गेलेला माणूस मधेच थकला किंवा घरी काही निघाले तर परमुलखात अडकतो. जालन्याहून निघालेल्याला अंबडला, शहागडला किंवा गेवराईला थांबून एसटीने घरी परतता येते. पहिल्या वर्षी जालना ते बीड एवढेच चालावे, पुढच्या वर्षी बीडपासून पुढे, हा हप्ताबंद मार्गही खुला आहे. काही कर्मठ लोक याला वारी म्हणणार नाहीत. पण पाय सोलून, ताप काढून, पुन्हा वारीचे नाव न घेण्याची शपथ वाहणाऱ्यापेक्षा हप्त्याने पोहोचणारा बरा.

शरीराची परीक्षा तर त्याही आधी घ्यावी आणि त्यासाठी भोकरदन तालुक्यातला राजूरचा गणपती आहेच. अंगारकीला हजारो लोक रात्रभर चालत राजूरला जातात. ती गर्दी टाळून एखाद्या साध्या चतुर्थीला चालून पाहावे. जालन्याहून ते साधारण पंचवीस किलोमीटर, म्हणजे पालखीच्या एका दमदार मजलेएवढे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा तेवढेच चालवेल का, या प्रश्नाचे उत्तर पायच देतात. नव्या चपला घालून वारीला निघण्याचा मोहही तिथेच मोडतो.

शेवटचा आक्षेप सूक्ष्म आहे. शांत वाटेची जाहिरात केली की ती शांत कशी राहील? हा धोका खोटा नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर शहागड-जालना करत सिंदखेडराजाकडे जाते. तिच्यात संस्थानचे ठरलेले वारकरी असतात, म्हणून तिची शिस्त टिकून आहे. मुक्ताबाईंच्या पालखीत नव्याने येणाऱ्यानेही हे भान ठेवावे. आगंतुकासारखे रस्त्यात सामील होऊ नये. महिना-दोन महिने आधी आपल्या गावातल्या माळकऱ्याला भेटावे, कोणती दिंडी त्या वाटेने जाते ते विचारावे, दिंडीची भिशी भरावी, कामाची वाटणी मागून घ्यावी. सोहळ्याचे छायाचित्रण करायला जाणारे वाढले तर वाट बिघडेल, वाढपी वाढले तर बिघडणार नाही.

आळंदी कुठे जात नाही. चार-दोन वाऱ्या झाल्यावर, टाळाचा ठेका आणि दिंडीची शिस्त अंगात मुरल्यावर, दिवे घाट जरूर चढावा. पहिल्या वर्षी मात्र आपल्या गावच्या माळकऱ्याकडे जाऊन एवढेच विचारावे: यंदा मुक्ताईची पालखी जालन्यात कधी येते?