ठिपका पुसला, रेघा तुटल्या

आपल्या आयाबहिणी ठिपक्यांची रांगोळी काढतात. आधी ठिपके, मग रेघा. गणितातही ठिपके-रेघांचे एक शास्त्र आहे. त्याला आलेख सिद्धांत म्हणतात. १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने सात पुलांच्या कोड्यावरून त्याचा पाया घातला. शिवारातला प्रत्येक जीव हा ठिपका आणि कोण कुणाला खातो ही रेघ, असे मांडले की एक गोष्ट ध्यानात येते. ठिपका केवढा, याला महत्त्व नाही. तो पुसला तर किती रेघा तुटतात, हे खरे.

गिधाडाचेच बघा ना! या ओंगळ पाखराला कुणी हिशेबात धरले नाही. मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की गिधाडांचा थवा थोड्या वेळात त्याचा सांगाडा करायचा. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात शंभरातली नव्याण्णवहून अधिक संपली. कारण २००४ साली उजेडात आले. जनावरांच्या सुजेवर टोचायचे डायक्लोफिनॅक! हे औषध दिलेले ढोर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाची किडनी निकामी. मग मढी कुजू लागली, त्यांवर मोकाट कुत्री पोसली. रेघ थेट माणसाच्या दारी आली. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला आहे.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही घातली. पण गोठ्यात सुई टोचून घेणारे आपणच आहोत. तेव्हा डॉक्टरांना सांगा, मेलॉक्सिकॅम द्या. ते गिधाडांना बाधत नाही.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. २००२ च्या कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. पण नुसती नावांची यादी म्हणजे नुसते ठिपके. गुराखी, मेंढपाळ, जुनी जाणती माणसे यांना ग्रामसभेत बसवा आणि रेघा ओढून घ्या. बेडूक काय खातो, घुबड कुणावर जगते, मधमाशी कोणत्या फुलावर जाते, सगळे लिहा. मग फवारणीचा, झाडतोडीचा किंवा तळे बुजवण्याचा ठराव आला की आधी ते पान उघडा.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पुसलेला ठिपका परत भरायला पिढ्या जातात. ठराव मात्र एका दुपारी मंजूर होतो.