वर्ग हसतो तेव्हा

कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरच्या पळसदरीभोवती, डोंगरउतारांवर कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. घरात कातकरी बोलणारं पोर पहिलीत त्याच बोलीत उत्तर देतं आणि वर्ग खो-खो हसतो. उत्तर बरोबर असलं तरी! मग मान खाली जाते, आणि दुसऱ्या दिवशी नेमकं पोट दुखतं.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17ने मुलांच्या मानसिक छळाला बंदी घातली. पण सोबत्यांचं हसू थांबवायला वर्गात बाईच लागतात.

2020चं राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट कशाला पाहायची? बाईंनी ते उत्तर तिथंच बरोबर ठरवावं, त्याच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहावेत. वाचायला मात्र पोर तयार असेल तेव्हाच उभं करावं.